आवळीखालची खोली

शरयू लेलेला वास येत नव्हता, आणि तरीही नानांच्या बागेतला वास भाड्यानं द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. आता बोला!

वास गेला तो त्या मोठ्या साथीत. ताप उतरला, खोकला गेला, शाळा पुन्हा भरली आणि शरयू पूर्वीसारखी मुलींना भूगोल शिकवायला लागली. नाक मात्र जे रुसलं ते रुसलंच. दूध करपलं तरी कळायचं नाही. आंबा पिकलाय की नासलाय ते हातानं दाबून बघावं लागायचं. पुढं निवृत्त झाल्यावर एकदा गॅसचं बटण चालूच राहिलं. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं धावत आली म्हणून निभावलं. घरात दुसरं कोणी नाही, एकटी बाई. ते ऐकून तिच्या भाचीनं, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या आसावरीनं, फोनवर सांगूनच टाकलं, "आत्या, तुझ्यासाठी मी नाक बनवते."

आणि बनवलं की खरंच! पोरगी रसायनशास्त्रात मुरलेली. ती म्हणायची, हवेत वास असा काही तरंगत नसतो, तरंगतात ते रेणू. फुलं, माती, धूर, शिळा भात, घामेजलेला शर्ट, जो तो आपापले रेणू सोडत असतो आणि आपलं नाक त्यांचा ठसा ओळखतं. आसावरीनं घड्याळाच्या पट्ट्यात शेकडो बारीक संवेदक बसवले, प्रत्येकाला एकेका जातीचा रेणू धरायला लावलं आणि त्या सगळ्यांच्या ठशावरून वास ओळखायचं यंत्राला शिकवलं. मग शरयूच्या मनगटावर अक्षरं उमटायला लागली. 'दूध करपतंय.' 'मोगरा, जवळच.' 'शेजारी सुकट भाजतात.'

"चहाड्या करायला बरं आहे गं हे," शरयू म्हणाली, आणि ते मनगटावरचं नाक बांधून संध्याकाळी बागेत फिरायला गेली.

नानांची बाग म्हणजे त्या कृष्णाकाठच्या शहराचं जुनं वैभव. मागच्या कोपऱ्यात एक जख्ख म्हातारी आवळी. तिच्याखाली गेलं की मनगटावर एकच ओळ यायची: 'ओळख पटत नाही.' एकदा नाही, रोज. शरयूनं गंमत म्हणून आसावरीला सांगितलं. आसावरी पुण्याहून मोठं यंत्र घेऊन आली, चार माणसांना डोक्याला तारा लावून आवळीखाली बसवलं, आणि तिचे डोळेच विस्फारले.

झालं होतं असं. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत आधी एका चौकीवर थांबतो आणि मग पुढं जातो. वासाचा निरोप ती चौकी टाळून सरळ आठवणींच्या माजघरात शिरतो. आवळीखालच्या हवेत जे मिश्रण होतं, ते तिथली सगळी कवाडं एकदम उघडत होतं. आणि मेंदू नवं काही रचतो तेही त्याच माजघरातल्या जुन्या सामानातून. त्यामुळे तिथं बसलेल्या माणसाला लहानपण तर आठवायचंच, पण अडलेली चाल सुटायची, न जमणारं चित्र जमायचं.

नेमकं त्याच वर्षी पालिका म्हणाली, बाग पोसणं आम्हाला परवडत नाही, तिथं वाहनतळ करू. नागरिकांना स्वतःच्या हिमतीवर चालवायची असेल तर चालवा. झालं! शरयूनं पदर खोचला. बाग मंडळ उभं केलं, बांबू आणि काचेच्या सात कामखोल्या बांधल्या, आणि त्यांत झाडांखालची हवा हळूच खेळवली. संगीतकार आले, चित्रपटवाले आले, घरांचे नकाशे काढणारे आले, पोरांचे खेळ बनवणारे आले. सातवी खोली आवळीच्या बुंध्याला लागून. तिच्यासाठी तर वर्षवर्ष आधी नंबर लागायचा. एक गुवाहाटीचा संगीतकार तिथं आठवडाभर बसला आणि बाहेर येऊन शरयूचे हात धरून ओक्साबोक्शी रडला. त्याला त्याच्या आईच्या हातचा भात आठवला होता. खोल्यांच्या भाड्यावर माळ्यांचे पगार निघाले, कारंजं उडायला लागलं, बाग वाचली. शरयूचा सत्कार झाला, फेटाबिटा बांधून.

पण या सगळ्यात एक गोष्ट घडली, ती फेट्याखाली झाकली गेली.

त्या आवळीखाली शरयूच्या घरचे सगळे दर कार्तिकात आवळीभोजनाला यायचे. फक्त लेलेच नव्हे, निम्मं गाव यायचं. कार्तिक महिनाभर आज या घरचं, उद्या त्या गल्लीचं, परवा कुठल्या शाळेचं, असं रोज कुणाचं तरी जेवण त्या झाडाखाली व्हायचं. लेल्यांचं ठरलेलं असायचं. बाबा लूनावर पातेली बांधून पुढं निघायचे, आई रिक्षातून, आणि दादा नि शरू चालत, वाटेत भांडत. तीन दगडांची चूल, मसालेभात, मठ्ठा, भरली वांगी. जेवताना आवळीचं पान ज्याच्या ताटात पडेल तो भाग्याचा, असं सगळे मानायचे. आणि काय नवल, दर वर्षी पान पडायचं ते शरूच्याच ताटात! दादाच्या ताटात एकदाही नाही. "आमची शरू नशीब घेऊनच आलीय," बाबा म्हणायचे, आणि ती दादाला अंगठा दाखवायची.

खोल्या झाल्या तशी आसावरीच्या यंत्रानं सांगितलं, मिश्रण फार नाजूक आहे, ते बिघडू देऊ नका. मंडळानं लगेच आवळीभोवती तारेचं कुंपण घातलं. पाला झाडून घेतला. खाली पांढरीशुभ्र खडी पसरली. चूल बंद, जेवणं बंद. त्या कार्तिकात दादा नेहमीसारखा पातेली घेऊन आला, तर रखवालदारानं त्याला फाटकावर अडवलं. शरयू धावत आली आणि म्हणाली, "दादा, यंदा आपण बकुळीखाली बसूया ना."

दादानं पातेली उचलली आणि तो मागं वळला. त्याला चार वर्षं झाली. एका गावात राहून बहीणभाऊ बोलत नव्हते. भाऊबीजेला वहिनी फराळाचा डबा पाठवायची, शरयू ओवाळणीचं ताट तयार ठेवायची आणि कुणी यायचं नाही.

आणि आता, दिवाळी तोंडावर आलेली असताना, आसावरी बागेच्या कचेरीत शरयूसमोर बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"आत्या, सातवी खोली संपत आलीय."

"संपत म्हणजे?"

"मिश्रण विरळ होतंय. दर वर्षी थोडं थोडं. यंदा तर निम्मंसुद्धा नाही."

ते शरयूलाही जाणवलं होतं, आपल्या नाकानं नव्हे, लोकांच्या तोंडून. लोक बाहेर येऊन म्हणत, खोली छान आहे, शांत आहे. रडत कुणी बाहेर येत नव्हतं. मनगटावरचं नाकही अलीकडे तिथं 'ओळख पटत नाही' म्हणेनासं झालं होतं. साधं 'झाड' म्हणायचं.

"झाडाला रोग पडलाय का?"

"झाड ठणठणीत आहे. मी चुकले, आत्या. मी सगळं श्रेय झाडाला दिलं होतं. गेल्या महिन्यात खडीखालची माती तपासली." आसावरीनं मातीची एक छोटी पिशवी टेबलावर ठेवली. "ही बागेतली माती नाहीच. स्वयंपाकघरातली माती आहे. हिच्यात ताकातले जिवाणू आहेत, भाताच्या कांजीवर जगणारे आहेत, चुलीची राख आहे. पिढ्यानपिढ्या तिथं राहून ते मुळांशी एकजीव झाले होते. झाड आणि ते मिळून तो वास बनवत होते. त्यांना वर्षानुवर्षं कुणीतरी खाऊ घालत होतं."

शरयूनं हातातला कप खाली ठेवला. तिला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. जेवण झालं की आई सगळ्यांना झाडाच्या बुंध्याशी उभं करायची. "नळावर नाही जायचं. हात इथंच धुवा. तिलाही जेवू दे." मग मठ्ठ्याचे, भाताचे, वरणाचे हात बुंध्याशी धुतले जायचे, पातेली तिथंच विसळली जायची, चुलीची राख तिथंच पसरायची. लेल्यांचंच नाही, प्रत्येक घराचं असंच.

"आणि आपण खडी टाकली," शरयू म्हणाली.

"आपण तिला उपाशी ठेवलं, आत्या."

यावर तोडगा काढायला वासांचा धंदा करणारी एक कंपनी टपलेलीच होती. तेजस नेवगी नावाचा गोड बोलणारा तरुण दुसऱ्याच दिवशी मंडळापुढं आला. त्याची कंपनी सातवी खोली आणि आवळी दहा वर्षांसाठी घ्यायला तयार होती. त्या रकमेत सगळी बाग आरामात चालली असती. आवळीखाली दर आठवड्याला जेवण होणार. चूल, पातेली, नऊवारी, सगळं कंपनीचं. जेवायला कुटुंबंही कंपनीच आणणार, पगारी. मागचा कोपरा बाकी सगळ्यांना बंद.

"फक्त मूळ पद्धत हवी, मॅडम," तेजस म्हणाला. "मसाला कुठला, ताक किती आंबट, लाकूड कशाचं. तुमच्या घरची पद्धत सगळ्यांत जुनी, असं कळलं. तुमच्या बंधूंनी एकदा दाखवली की झालं. लगेच सह्या करू."

मंडळातले इनामदार खूश झाले. "बाई, जा आता भावाकडं. या निमित्तानं समेटही होईल."

शरयू गेली. काय करणार? सही झाली नाही तर वाहनतळ होतंच.

दार वहिनीनं उघडलं. "या. वाट चुकलात की काय?" असं म्हणाली, पण आत वळताना डोळ्यांना पदर लावून गेली. दादा झोपाळ्यावर आवळे किसत बसला होता. हातात किसणी, शेजारी टेकवलेली बाकदार मुठीची काठी. पंचाहत्तरी उलटल्यावर गुडघ्यांनी दगा दिला होता. ते तिला माहीतही नव्हतं.

"बोल," दादा म्हणाला.

ती बोलली. सगळं, अगदी खडीसकट. दादा किसत राहिला.

"म्हणजे आवळीखाली पुन्हा जेवणं होणार, पण आपली नाहीत."

"त्यांच्या वेळापत्रकात आपलंही बसवतील. मी सांगेन त्यांना."

"आणि एरवी जेवणार कोण?"

"माणसं ठेवणार आहेत ते."

"एकमेकांची कोण?"

"तशी कोणीच नाहीत," शरयू म्हणाली.

"एकमेकांची कोणीच नाहीत, आणि एका पंगतीत वाढून घेणार," दादा म्हणाला. त्यानं किसणी खाली ठेवली. "शरू, तुला राग येईल, पण चार वर्षं मनात ठेवलंय ते बोलतो. तुला वास येत नाही, म्हणून तुला तो विकता आला."

"अहो!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली. "काय बोलता हे!"

शरयूला राग आला नाही. तिला एकदम रडूच आलं, इतक्या वर्षांचं साठलेलं. "खरंय तुझं. पण मी मुद्दाम घालवला का रे वास? मला सगळं आठवतं दादा. बाबांची लूना आठवते, आईची हिरवी साडी आठवते, तू माझ्या पानातलं वांगं पळवायचास तेही आठवतं. वास तेवढा आठवत नाही. डोळे मिटून किती वेळा बसले, नाहीच येत. लोक त्या खोलीतून रडत बाहेर यायचे आणि मी दारात पावती घेऊन उभी. माझ्याच आईचा वास, आणि मला सोडून सगळ्यांना येतो!"

झोपाळा थांबला. दादानं सरकून तिला शेजारी जागा केली.

"आधी धूर यायचा," तो म्हणाला. "ओला. बाबा दर वर्षी ओलीच लाकडं आणायचे आणि दर वर्षी आईची बोलणी खायचे. मग गोडा मसाला. त्याच्या मागून कापूर, कारण आई आधी झाडाची पूजा करायची. बाबांच्या शर्टाला पेट्रोलचा वास. तुझ्या वेण्यांना खोबरेल, एवढं थापलेलं की माश्या बसाव्यात."

"काहीतरीच!" शरयू रडता रडता हसली.

"आईच्या बोटांना मठ्ठ्यातलं आलं. आणि शेवटी सगळ्यांनी बुंध्याशी हात धुतले, की खालून एक वास उठायचा. त्याला नाव नाही गं. तो आला की मला वाटायचं, आता घरी गेलं नाही तरी चालेल."

वहिनीनं तिघांना चहा आणून दिला. आल्याचा होता म्हणे.

सह्यांच्या दिवशी शरयू मंडळासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "करार होणार नाही. सातवी खोली काढून टाकायची. खडी उचलायची. कार्तिकात आवळी सगळ्यांना मोकळी."

इनामदारांना ठसकाच लागला. "बाई, बाग बुडेल! तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"हो, भावनेच्याच. आजवर आपण भाड्यानं दुसरं काय देत होतो, इनामदार?"

"आणि खर्च?"

"सहा खोल्या आहेत. कारंजं बंद करू. दिवे निम्मे करू. पुढची हिरवळ मला फार आवडते, ती जाऊ दे, साधं गवत वाढू दे. तरी नाहीच भागलं तर दारोदार फिरेन. पण आवळी द्यायची नाही."

तेजस नेवगी चिडला नाही. त्यानं हसून कागद गोळा केले. "मॅडम, पाहणीच्या वेळी घेतलेला मातीचा नमुना आमच्याकडे आहे. आम्ही प्रयोगशाळेत करू."

"करा की. जेवण झाल्यावर हात मात्र धुवा म्हणावं."

त्यांनी केलं. पुढच्या वर्षी बाजारात बाटली आली. खोलीत फवारायची आणि कामाला बसायचं. बाटली काम करत होती, हे शरयूनं प्रांजळपणे कबूल केलं; उगाच खोटं कशाला बोला? सहापैकी दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कारंजं कोरडं पडलं, त्यात चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या. ती खरंच दारोदार फिरली. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. पण वाहनतळाची वीट काही अजून बसलेली नव्हती.

आणि त्या कार्तिकात लेल्यांची पातेली पुन्हा आवळीखाली आली.

दादाला खुर्ची दिली. त्यानं ओलीच लाकडं आणवली, हट्टानं, आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरले. आसावरी चूल फुंकत होती. शेजारी दुसऱ्या एका घरची पंगत होती, पलीकडे तिसऱ्या खोलीतला एक चित्रकार उगाच घुटमळत होता, त्यालाही वहिनीनं पान मांडून बसवलं. शरयूनं बसण्याआधी मनगटावरचं नाक सोडलं आणि पर्समध्ये टाकलं.

"आत्या, बघ तरी काय म्हणतंय," आसावरी म्हणाली.

"नको. आज मी जेवायला आलेय."

"मातीला वेळ लागेल गं. पंधरा-वीस वर्षंसुद्धा लागतील."

"लागू देत. आवळीला कुठं घाई आहे?"

भात वाढला, मठ्ठा वाढला. "बघूया यंदा पान कुणाच्या ताटात पडतंय ते," वहिनी म्हणाली. वारा अजिबात नव्हता. शरयू मान खाली घालून भात कालवत होती. हाताला गरम लागत होतं, जिभेला तिखट, आणि बाकी जे नव्हतं ते दादाच्या शब्दांत आठवून ती जेवत होती. एवढ्यात टपकन एक हिरवी काडी, बारीक पानांची, तिच्या मठ्ठ्याच्या वाटीत पडली.

"पडलं! आत्यालाच पडलं!"

शरयूनं वर पाहिलं. वारा नसताना एकच फांदी हलत होती. तिनं मागं वळून पाहिलं. दादा खुर्चीत बसून आभाळाकडे असा बघत होता, जणू त्याचा या जगाशी काही संबंधच नाही. त्याची बाकदार मुठीची काठी हळूच खाली येत होती.

"दादा?"

"काय? ऊन किती आहे बघ."

वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो वन्सं, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय मी. आधी हातानं हलवायचे, आता काठीनं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. मी सांगू नये म्हणून शपथ घातलेली."

शरयू त्या पानाकडे बघत राहिली. जन्मभर तिला वाटत होतं, आपण नशीब घेऊन आलोय. मंडळ उभं करताना, फेटा बांधून घेताना, अगदी दादाला फाटकावरून परत पाठवतानाही तिचा त्या नशिबावर केवढा भरवसा होता. आणि ते नशीब आपलं ताट अर्धवट सोडून, तिच्या मागं उभं राहून फांदी हलवत होतं. तिनं ते पान वाटीतून उचललं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

जेवणं झाली. चित्रकार नळ शोधायला निघाला. शरयू उठली, तांब्या घेतला आणि आईच्याच सुरात ओरडली, "नळावर नाही जायचं. इथंच धुवा हात. तिलाही जेवू दे."

सगळे बुंध्याशी जमले. दादा काठी टेकत आला आणि वाकला. शरयूनं त्याच्या हातावर पाणी धरलं. भाताची शितं, मठ्ठ्याचं पांढरं पाणी मातीत झिरपत गेलं. दादानं डोळे मिटून मोठ्ठा श्वास घेतला.

"येतोय का रे?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं आणखी एकदा हुंगून पाहिलं. मग त्यानं मान हलवली. "नाही गं. नुसता ओल्या मातीचा येतोय. तो नाही अजून."

"मग आज आपण दोघं सारखेच," शरयू म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातावर आणखी पाणी घातलं.